एकदाच कामी येणारे प्रथिन

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे आज एकमेकांत अशी मिसळून गेली आहेत की एकाची हद्द कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे नकाशावाचून सांगता येऊ नये. तथापि त्या पट्ट्यात अजून गाईम्हशींचे गोठे तग धरून आहेत, रसायनांचे कारखाने आहेत, आणि फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी लष्कराच्या जुन्या छावणीवर वसविलेले, १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेले मोठे शहरही आहे. गोठा, कारखाना आणि हे शहर या तिहींना एकत्र बांधणारा एक विषय मनुष्याच्या व जनावराच्या रक्तद्रवात आहे, आणि त्या विषयावर माझ्या दोन स्नेह्यांचा वाद झाला, तो मला नोंदवून ठेवण्याजोगा वाटला. एक गुरांचे डॉक्टर. त्यांची सारी हयात या भागातील गोठ्यांत गेलेली. दुसरे तात्या, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि शिलकेचा मेळ लागल्यावाचून दफ्तर न मिटणारे. वादाला निमित्त झाले एका गाईच्या आजाराचे.

तात्या : डॉक्टर, त्या गाईला गोचीडताप आहे असे तुम्ही म्हणालात, आणि तिची लघवी काळपट तांबडी का झाली हे गोठेवाल्याला समजावताना, तिच्या रक्तातले राखण करणारे प्रथिन पुरे पडले नाही, असेही म्हणालात. औषध दिलेत, गाय सावरली, हे ठीक झाले. पण राखण करणाराच पुरा पडत नाही, ही कसली व्यवस्था?

डॉक्टर : गोचिडीच्या चाव्यातून बाबेसिया नावाचा एकपेशी परजीवी गाईच्या रक्तात जातो, तांबड्या पेशींत शिरून वाढतो आणि त्या फोडून बाहेर पडतो. पेशीच्या आत असेतोवर हीमोग्लोबिन हे प्राणवायूचे निष्ठावंत वाहक असते. परंतु पेशी फुटून ते मोकळ्या रक्तद्रवात सांडले की त्याचा चार साखळ्यांचा रेणू दुभंगून त्याचे दोन अर्धे होतात, आणि हे अर्धे मूत्रपिंडाच्या चाळणीतून निसटण्याइतके लहान असतात. त्यांच्यातील लोहयुक्त हीम हा पदार्थ तेथल्या नाजूक नलिकांना भाजून काढतो. हे घडू नये म्हणून यकृत हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन तयार करून रक्तात सोडते. ते त्या अर्ध्यांना पकडते, आणि पकडल्यावर जो संयोग होतो तो चाळणीतून जाऊ शकत नाही एवढा मोठा असतो. पुढे यकृतातील व प्लीहेतील महाभक्षक पेशी तो संयोग ओळखून आत ओढून घेतात. पॅरिसमध्ये पोलोनोव्हस्की आणि झेल यांनी १९३८ साली हे प्रथिन दाखविले. महाभक्षक पेशींच्या पृष्ठभागावर त्याला ओळखणारा ग्राहक, ज्याला सीडी-१६३ म्हणतात, तो मात्र डेन्मार्कमधील संशोधकांच्या हाती २००१ साली लागला. मधली त्रेसष्ट वर्षे संयोग रक्तातून नाहीसा होतो एवढे ठाऊक होते. त्याला आत घेणारे दार कोणते, हे ठाऊक नव्हते.

तात्या : आत ओढून घेतल्यावर त्या हॅप्टोग्लोबिनचे पुढे काय होते?

डॉक्टर : हीमोग्लोबिनसोबत तेही नष्ट होते. पेशीच्या आत आम्लाने व पाचक द्रव्यांनी भरलेल्या ज्या इवल्या पिशव्या असतात, त्यांत दोघांचेही तुकडे होतात. मोकळे हॅप्टोग्लोबिन मनुष्याच्या रक्तात असे टिकते की त्याचा निम्मा भाग नाहीसा व्हायला सुमारे चार-पाच दिवस लागावेत; परंतु एकदा हीमोग्लोबिन पकडले की त्याचे आयुष्य मिनिटांवर येते.

तात्या : हेच मला पटत नाही. मी सरकारी नोकरीत मुद्देमालाचे पंचनामे लिहिले आहेत. जप्त केलेली दारू ओतून देतात, तिची नोंद होते, पंच सह्या करतात; पण जप्ती करणाऱ्या शिपायाला त्या दारूबरोबर कोणी गटारात लोटत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर असतो. तुमचे यकृत इतक्या कष्टाने एक प्रथिन घडविते, आणि एका कामगिरीनंतर ते मोडून टाकते! बरे, शरीराला काटकसर ठाऊकच नाही म्हणावे, तर लोह वाहून नेणाऱ्या त्या दुसऱ्या प्रथिनाविषयी तुम्हीच मागे एकदा सांगितले होते.

डॉक्टर : ट्रान्सफेरिन. होय. ते लोह घेऊन पेशीत जाते, तेथील सौम्य आम्लात लोह सोडते, आणि रिकामे होऊन पुन्हा रक्तात परत येते. अशा अनेक खेपा ते करते. अल्ब्युमिनचे तर त्याहूनही नवल आहे. पेशींनी सहज गिळलेले अल्ब्युमिन नष्ट होऊ न देता परत बाहेर पाठविणारा एक ग्राहक शरीरात आहे, आणि तोच प्रतिपिंडांचेही रक्षण करतो. ब्रँबेल या आयरिश प्राणिशास्त्रज्ञाने साठच्या दशकात, तो ग्राहक हाती लागण्याच्या पुष्कळ आधी, केवळ तर्काने त्याचे अस्तित्व मांडले होते. या राखणीमुळे मनुष्याच्या रक्तातील अल्ब्युमिन निम्मे होण्यास सुमारे एकोणीस दिवस लागतात. घोड्यात जवळजवळ तितकेच, गाईत सोळा-सतरा, कुत्र्यात आठ, सशात सहाच्या आत, आणि उंदरात अवघे दोन दिवस. प्राणी जितका लहान, तितकी त्याच्या शरीरातील उलाढाल जलद.

तात्या : म्हणजे परत आणण्याची कला शरीराला अवगत आहे, पण जेथे तिची सर्वांत गरज, तेथे ती वापरलेली नाही. माझा आक्षेप अधिकच बळकट झाला.

येथे तात्यांचा आवाज किंचित चढला होता. डॉक्टर उत्तराची घाई करीत नव्हते, आणि मला वाटते, या विषयाचा गाभा त्यानंतर त्यांनी जे सांगितले त्यातच आहे.

डॉक्टर : तात्या, ट्रान्सफेरिन परत येऊ शकते, कारण त्याने लोहाला धरलेली पकड थोड्याशा आम्लाने सुटते. ती तशी सुटावी, हेच त्याचे काम. कारण त्याला लोह पोचवायचे असते. हॅप्टोग्लोबिनला हीमोग्लोबिन कोणाला पोचवायचे नसते, तर कोणाच्याही हाती लागू द्यायचे नसते. म्हणून त्याची पकड अशी आहे की शरीरातील प्रथिनांच्या परस्पर बंधांत तिच्याइतके घट्ट बंध फारच थोडे; व्यवहारात ती सुटतच नाही. आता ही पकड सोडवून हॅप्टोग्लोबिनला परत पाठवायचे म्हटले, तर ती मुळातच ढिली ठेवावी लागेल. आणि ढिली ठेवली, तर वाटेत, रक्ताच्या धारेत, मूत्रपिंडाच्या तोंडाशी, कोठेही हीमोग्लोबिन निसटेल. न सुटणारी पकड आणि परत येणारा वाहक या दोन गोष्टी एका रेणूत एकत्र नांदू शकत नाहीत. ज्या गुणामुळे हे प्रथिन रक्षण करते, त्याच गुणामुळे ते परत येत नाही. तुम्ही ज्याला उधळपट्टी म्हणता, ती मला त्या रक्षणाची किंमत वाटते.

तात्या : किंमत द्यावी, पण ती ऐपतीप्रमाणे.

डॉक्टर : ऐपतीबाहेर ती नाहीच. मोडले जाते म्हणजे वाया जाते असे नव्हे. हॅप्टोग्लोबिनची अमिनो आम्ले पेशीला परत मिळतात. हीमचे वलय एक विकर फोडते. त्यातून निघालेले लोह पुन्हा ट्रान्सफेरिनकडे सोपविले जाते आणि अस्थिमज्जेत नव्या पेशीच्या कामी येते. उरलेल्याचे आधी हिरवे आणि मग पिवळे पित्तद्रव्य बनते. मुका मार लागल्यावर कातडीवरचा डाग काळानिळा, हिरवट, पिवळसर होत जातो, तो याच क्रमाने. कोंबडी बहुतांशी हिरव्या टप्प्यावरच थांबते. तिच्या पित्ताचा रंग पाहा. हॅप्टोग्लोबिनही तिला आपल्यासारखे नाही. ते काम तिच्यात एक निराळेच प्रथिन करते. सारांश, द्रव्य शरीरातच राहते. खर्च होते ती घडण.

तात्या : घडण हीच तर प्रथिनाची खरी किंमत. बरे, पकडीचा मुद्दा मी तूर्त मान्य करतो. पण मग शिल्लक तरी भरपूर ठेवावी. मला आकडे सांगा.

डॉक्टरांनी आकडे सांगितले आणि तात्यांनी ते एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडले. प्रौढ मनुष्याच्या पाच लिटर रक्तात साधारण साडेसातशे ग्रॅम हीमोग्लोबिन. तांबड्या पेशीचे आयुष्य एकशेवीस दिवसांचे, म्हणून रोज सहा-सात ग्रॅम हीमोग्लोबिनची मोडतोड. त्यातील बहुतेक प्लीहा व यकृत येथे पेशींच्या आतच, बंदोबस्तात होते, आणि सुमारे दशांश रक्तवाहिन्यांत सांडते. रक्तद्रवातील सारे हॅप्टोग्लोबिन एका वेळी सुमारे तीन ग्रॅम हीमोग्लोबिन बांधू शकते.

तात्या : म्हणजे रोजचा खर्च अर्ध्या-पाऊण ग्रॅमचा, आणि खजिन्यात शिल्लक चार-पाच दिवसांची. साडेसातशेपैकी तीन, म्हणजे शेकडा अर्धासुद्धा नाही! दोनशे पेशींपैकी एक जरी एकाच वेळी फुटली, तरी खजिना रिकामा. डॉक्टर, एवढ्या शिलकेवर आमच्या कचेरीतला शिपाईसुद्धा महिना काढणार नाही.

डॉक्टर : मग गाईचा हिशेब ऐका. निरोगी गाईच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन जवळजवळ सापडतच नाही. कासदाह झाला, गर्भाशयात दाह झाला, की यकृत ते तयार करू लागते आणि दोन-तीन दिवसांत त्याचे प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढते. म्हणून आम्ही गुरांचे डॉक्टर ते दाहाची खूण म्हणून मोजतो. गाईने कायमची शिल्लक न ठेवता गरजेनुसार उत्पादनाचा मार्ग पत्करला आहे. गोचीडतापात पेशी फुटण्याचा वेग त्या उत्पादनापेक्षा मोठा ठरला, म्हणून लघवी तांबडी झाली. व्यालेल्या म्हशीला स्फुरद कमी पडले की तिच्याही पेशी अशाच फुटतात आणि हेच दृश्य दिसते.

तात्या : गाय त्यावाचून निभावते, तर ते मुळात अनावश्यकच का मानू नये?

डॉक्टर : ही शंका प्रयोगशाळेतही आली होती. १९९८ साली हॅप्टोग्लोबिनचे जनुकच नसलेल्या उंदरांवर प्रयोग प्रसिद्ध झाले. औषध देऊन त्यांच्या पेशी फोडल्या, तेव्हा मोकळे हीमोग्लोबिन त्यांच्या रक्तातून इतर उंदरांइतक्याच वेगाने नाहीसे झाले. मात्र त्यांची मूत्रपिंडे अधिक होरपळली आणि ते अधिक संख्येने मेले. यावरून मी असे समजतो की हीमोग्लोबिन काढून टाकणे हे हॅप्टोग्लोबिनचे मुख्य काम नव्हेच. ते या ना त्या वाटेने निघून जाणारच. कोणत्या वाटेने जावे, हे ठरविणे त्याचे काम. यकृताच्या वाटेने गेले तर त्याचे लोह कामी येते; मूत्रपिंडाच्या वाटेने गेले तर ते घात करून जाते.

हा खुलासा मला फार मोलाचा वाटला. एखादा पदार्थ रक्तातून किती वेगाने कमी होतो हे मोजणे सोपे असते, आणि म्हणूनच तेवढ्यावर समाधान मानण्याचा मोह होतो. परंतु दोन उंदरांत आकडा एकच असताना एक जगतो व दुसरा मरतो, हे पाहिल्यावर तो पदार्थ कोठे गेला, हे विचारल्यावाचून गत्यंतर उरत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींकडे बोट दाखवून डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली : रंगद्रव्यांच्या धंद्यात लागणारे ॲनिलिन कातडीतूनही शरीरात शिरते, हीमोग्लोबिनला निकामी करते आणि पुढे पेशीही फोडते; तेव्हा गोठ्यातील गाय आणि कारखान्यातील कामगार यांचा खजिना एकाच रीतीने रिता होऊ शकतो. परंतु तात्यांचे चित्त एव्हाना तिसरीकडे गेले होते.

तात्या : आता मनातले विचारतो. उल्हासनगरात, कॅम्प नंबर चारमध्ये, माझे एक सिंधी स्नेही आहेत. त्यांच्या नातवाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्याच्या खजिन्याची काय अवस्था?

डॉक्टर : जनावरांचा वैद्य असून बोलतो, तरी हे एवढे निश्चित आहे. थॅलेसेमियात हीमोग्लोबिनची बीटा साखळी पुरेशी बनत नाही. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीतच साचतात आणि पेशी मज्जेत किंवा रक्तात अकाली मोडते. ही मोडतोड अखंड चालू असते, त्यामुळे अशा रुग्णाच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन बहुधा आढळतच नाही. दुसऱ्या फळीला हीमोपेक्सिन असते, ते मोकळे हीम पकडते. तेही कमी पडते. मग मोकळे हीमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, आणि विशेषतः प्लीहा काढलेल्या रुग्णांत फुप्फुसांतील रक्तदाब चढू लागतो. रक्त दिल्याने ही सदोष निर्मिती दबते, हा लाभ. पण प्रत्येक पिशवीबरोबर दोनशेहून अधिक मिलिग्रॅम लोह येते, आणि शरीर दिवसाकाठी एक-दोन मिलिग्रॅमपलीकडे लोह टाकू शकत नाही. म्हणून लोह बाहेर काढणारी औषधे. त्यांतील डेफेरिप्रोन ही तोंडाने घेण्याची गोळी युरोपात परवाना मिळण्यापूर्वीच भारतात मिळू लागली होती.

तात्या : लोह काढण्याचे औषध आहे, तसे हॅप्टोग्लोबिन भरून देण्याचे नाही?

डॉक्टर : जपानमध्ये आहे. १९८५ पासून तेथे मनुष्याच्या रक्तद्रवातून काढलेले हॅप्टोग्लोबिन, मोठ्या भाजण्यात किंवा रक्तसंक्रमणात पेशी फुटल्या असता, मूत्रपिंड वाचविण्यासाठी देतात.

तात्या : आणि ते काढण्यासाठी निराळे रक्त लागते?

डॉक्टर : लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी मद्यार्काने रक्तद्रवाचे अंश निरनिराळे करण्याची रीत बसविली. तीच रीत थोड्या फरकाने आजही चालते. अल्ब्युमिन मिळविताना बाजूला पडणाऱ्या चौथ्या अंशात हॅप्टोग्लोबिन असते.

तात्या : म्हणजे ते फेकून दिले जाते! डॉक्टर, मग माझे म्हणणे साधे आहे. शरीराने शिल्लक ठेवली नाही, तर ती आपण ठेवावी. बाजूला पडणाऱ्या अंशातून हे प्रथिन काढावे, इस्पितळांत ठेवावे, आणि त्या पोराला द्यावे.

डॉक्टर : तुमच्याच पाकिटावरचे आकडे पुन्हा पाहा. त्याची मोडतोड अखंड आहे. आज तीन ग्रॅमची बेगमी दिली, तर ती हीमोग्लोबिन पकडील आणि काही तासांत महाभक्षक पेशींच्या पोटात मोडली जाईल. उद्या पुन्हा तितकीच लागेल, आणि ती आयुष्यभर. ज्या नाशाला तुम्ही प्रारंभी आक्षेप घेतलात, तोच येथे आडवा येतो. एका प्रसंगापुरते संकट असेल तेथे मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. मुंबईत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जो बॉम्बे रक्तगट प्रसिद्ध केला, त्या गटाचा मनुष्य नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ भासतो. त्याला ‘ओ’ रक्त दिले गेले, तर काही मिनिटांत ते रक्त त्याच्या वाहिन्यांतच फुटू लागते. तेथे हे औषध हाताशी असावे, असे मीही म्हणेन.

तात्या : आणि पोराला काय असावे?

डॉक्टर : वेळेवर सुरक्षित रक्त, लोह काढणारे औषध न चुकता, आणि जुळणारे भावंड असेल तर मज्जारोपणाचा विचार. पण पैसा आणि श्रम यांची पहिली रवानगी कोठे करावी असे विचाराल, तर मी म्हणेन, वाहकांच्या तपासणीकडे. आपल्या देशात थॅलेसेमियाचे वाहक शेकडा तीन-चार. सिंधी, पंजाबी, गुजराती अशा काही समाजांत निरनिराळ्या पाहण्यांत हेच प्रमाण शेकडा चारपासून सतरापर्यंत आढळले आहे. सिंधी कुटुंबांत वारंवार सापडणारा दोष तर नेमका ठाऊक आहे : बीटा साखळीच्या जनुकातून ६१९ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. वाहक स्वतः धडधाकट असतो; दोघे वाहक विवाहबद्ध झाले, तरच प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक असा धोका.

तात्या : जो जन्मला आहे, त्याच्या आजोबांसमोर हा हिशेब मांडून दाखवा. माझ्याने तो मांडवणार नाही. जन्मलेल्यासाठी काही करता येत असेल, तर ते न जन्मलेल्याच्या काटकसरीपायी मागे ठेवू नये.

डॉक्टर : मागे ठेवू नका. मी क्रम सांगितला, त्याग सांगितला नाही. पण त्या घरात दुसरी भावंडे आहेत ना?

तात्या : मोठी नात आहे. पुण्याकडचे स्थळ आले आहे, आणि दोन्ही घरांत पसंती आहे.

डॉक्टर : मग तिची रक्ततपासणी झाली आहे का, एवढे आजच विचारा. तपासणी हीमोग्लोबिन ए-टूची. ते शेकडा साडेतीन-चारांच्या वर असले, तर ती वाहक असण्याचा संभव मोठा, आणि मग मुलाचीही तपासणी हवी. कच्ची मिश्री, म्हणजे त्यांच्यातला प्राथमिक साखरपुडा, होण्याच्या आधी हे झाले, तर दोन्ही घरांना विचार करायला मोकळीक राहते. दोघे वाहक निघाले म्हणून स्थळ मोडलेच पाहिजे असेही नाही. गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची परीक्षा करता येते. ते आधीपासून ठाऊक मात्र असले पाहिजे.

तात्या : ए-टू. लिहून घेतो. संध्याकाळी उल्हासनगरला जातोच आहे. पण चौथ्या अंशाविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही.

डॉक्टर : घेऊही नका. बॉम्बे गटापुरते ते माझेही म्हणणे आहे. त्याच्या पलीकडे कोठवर जावे, यावर तुमचा आकडा आणि माझा आकडा अजून जुळलेला नाही.